निरोपाचें आतिथ्य

पाहुणा दारांत आला म्हणजे त्याचें स्वागत कसें करावें, हें आपल्या घरांतून मुलांना न कळत्या वयापासून शिकविलें जातें. हातपाय धुण्यास पाणी, बसावयास पाट, गूळपाणी आणि मग विचारपूस, हा क्रम कोणास सांगावा लागत नाहीं. परंतु पाहुण्यास निरोप कसा द्यावा, हें शिक्षण मात्र बहुधा अपुरें राहतें. आग्रह करून आणखी एक दिवस ठेवून घेणें म्हणजेच प्रेम, अशी आपली समजूत. आणि त्या आग्रहापायीं किती जणांच्या गाड्या चुकतात व कामें खोळंबतात, तें आपण थट्टेवारी नेतों. आज आम्ही या विषयाकडे जरा निराळ्या बाजूनें पाहणार आहों, व त्यासाठीं वाचकांस सुमारें चौदाशें वर्षें मागें, चीन देशाच्या पश्चिम सीमेवर नेणार आहों.

तत्पूर्वीं एका शब्दाचा विचार करूं. अतिथि या शब्दाची फोड आपल्याकडे दोन प्रकारें करितात. ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि, ही फोड सर्वांच्या तोंडीं आहे. दुसरी मनुस्मृतींत सांपडते, व ती आम्हांस अधिक मार्मिक वाटते. ज्याचें राहणें कायमचें नव्हे, जो एक रात्र राहून पुढें जावयाचा, तो अतिथि, असा तिचा आशय आहे. म्हणजे पुढें जाणें हें अतिथीच्या व्याख्येंतच आलें. जो जाणार नाहीं तो घरांतला माणूस तरी असेल, नाहीं तर बंदिवान तरी. ही व्याख्या धरून चाललें तर आतिथ्याचा खरा कस दार उघडून आंत घेतांना लागतो त्याहून अधिक, तेंच दार पुन्हां उघडून देतांना लागतो.

आम्ही शाळेंत शिकवीत असतां क्रमिक पुस्तकांत ह्युएनत्संग म्हणजे हर्षवर्धनाच्या धड्यांतील चार ओळी एवढाच मजकूर असे. ‘चिनी प्रवासी’ एवढ्या दोन शब्दांत त्याची बोळवण होई, आणि त्याच्या नांवाचा उच्चार करतांना पोरांची जी त्रेधा उडे तिच्यांतच तास संपे. वस्तुतः हा मनुष्य यात्रेकरू होता, आणि त्याहूनही विद्यार्थी होता. लहानपणींच त्यानें बौद्ध संघांत प्रवेश केला. चिनी भाषेंतील धर्मग्रंथांच्या भाषांतरांत त्यास जागोजागीं विसंगति दिसूं लागली, तेव्हां मूळ संस्कृत ग्रंथ, विशेषतः योगाचारभूमिशास्त्र, भारतांत जाऊन गुरुमुखानें शिकावा असा त्यानें निश्चय केला. त्या वेळीं थांग राजघराणें नुकतेंच गादीवर आलें होतें, सीमेवर तुर्कांचें भय होतें, म्हणून देशाबाहेर जाण्यास सक्त बंदी होती. त्यानें परवानगी मागितली, ती नाकारली गेली. तेव्हां तिशीच्या आंतबाहेर असलेला हा भिक्षु चांगआन राजधानींतून गुपचूप निघाला. त्याच्या निघण्याचें साल कोणी ६२७ धरतात, कोणी ६२९. परत आला तो मात्र ६४५ सालीं. कांहीं वाट पायीं, कांहीं घोड्यावर, कोठें नावेंतून तर कोठें हत्तीवर, असा हा सोळा-अठरा वर्षांचा फेरा झाला. त्याचें प्रवासवर्णन ६४६ सालीं पुरें झालें. त्याचें चरित्र ह्वेइ-ली या शिष्यानें लिहिलें व येन-त्सुंग यानें ६८८ सालीं पूर्ण केलें. पुढील हकीकत बहुतेक या चरित्रांतली आहे. शिष्यानें लिहिलेलें गुरुचरित्र म्हटलें म्हणजे त्यांत चमत्कार असावयाचेच. ते बाजूस ठेवले तरी वाटेंत भेटलेल्या माणसांचीं जीं चित्रें उरतात तीं मोठीं मनोवेधक आहेत.

हा भिक्षु सरकारच्या दृष्टीनें गुन्हेगार होता, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. ल्यांगचौ या सीमेकडील शहरीं सुभेदारानें त्यास परत फिरण्याचा हुकूम दिला. तेथील ह्वेइ-वेइ नांवाच्या आचार्यानें कोणास न कळूं देतां आपले दोन शिष्य त्याच्या बरोबर दिले. दिवसां लपावें व रात्रीं चालावें, असें करीत तो क्वाचौ येथें पोंचला. तेथें त्याचा घोडा मेला, बरोबरचे दोघे दूर झाले, आणि पाठोपाठ त्यास पकडण्याचें फर्मान येऊन थडकलें. तें ली-छांग नांवाच्या एका श्रद्धाळू कारकुनाच्या हातीं पडलें. तो फर्मान घेऊन भिक्षूकडे आला व यांत लिहिलेला मनुष्य आपणच काय, असें त्यानें विचारलें. भिक्षु उत्तर देण्यास कचरला. खरें सांगाल तर कांहीं तोड काढतां येईल, असें कारकुनानें म्हटल्यावर त्यानें सर्व खरें सांगितलें. तेव्हां ली-छांगनें त्याच्या देखत तें फर्मान फाडून टाकलें, व आतां क्षणभरही येथें थांबूं नका, म्हणून विनविलें.

ज्यांनीं जन्मभर कचेरींतले कागद सांभाळले आहेत अशा आमच्या वाचकांस या कृत्याची किंमत निराळी सांगावयास नको. अन्नदान करणाराचें धान्य जातें. या कारकुनाच्या नोकरीवर, कदाचित् शिरावरही, बेतलें असतें. बरें, यांत त्यास लाभ कोणता? भिक्षु पश्चिमेस जाणार, पुन्हां दृष्टीस पडण्याचा संभव नाहीं. पाहुण्यास पंक्तीला घेऊन बसण्याचें सुखही त्याच्या वांट्यास आलें नाहीं. अडविण्याचा अधिकार हातीं असतां त्यानें अडविलें नाहीं, एवढेंच त्याचें दान.

पुढें बंध नांवाचा एक परदेशी तरुण वाटाड्या म्हणून मिळाला. त्यानें आपल्याबरोबर एका म्हाताऱ्यास आणलें. म्हाताऱ्यानें आधीं वाळवंटाचीं भयें सांगून भिक्षूचें मन वळविण्याचा यत्न केला. तो ऐकत नाहीं असें पाहून त्यानें आपला रोडका, तांबड्या रंगाचा, म्हातारा घोडा पुढें केला. हा घोडा पंधरा वेळां हामीची वाट चालला आहे, तुमचा घोडा या कामाचा नव्हे, असें म्हणून त्यानें अदलाबदल केली. या म्हाताऱ्याचें नांव चरित्रांत नाहीं. बंधानें रात्रीं झाडें तोडून, त्यांवर गवत व वाळू पसरून नदीवर पूल केला व भिक्षूस पार नेलें. परंतु त्याच रात्रीं तो सुरी उपसून भिक्षूच्या रोखानें आला, थबकला, आणि मागें फिरला. हा पकडला गेला तर आपलें नांव सांगेल, या भीतीनें त्यास घेरलें होतें. सकाळीं भिक्षूनें, देहाचे तुकडे झाले तरी तुझें नांव घेणार नाहीं, असें वचन दिलें, एक घोडा दिला, आणि त्याचे आभार मानून त्यास परत पाठविलें. येथें निरोप देण्याची पाळी भिक्षूची होती, व ती त्यानें नीट निभावली. अर्ध्या वाटेपर्यंत आलेल्याचे अर्ध्या वाटेपुरते उपकार मानावे, हा व्यवहार आपल्यास सहसा साधत नाहीं. ज्यानें शेवटपर्यंत साथ दिली नाहीं त्याची पहिली साथही आपण जमाखात्यांतून खोडून टाकतों.

सीमेपलीकडे वाळवंटांत एकामागून एक अशीं पांच पहाऱ्याचीं ठाणीं होतीं, आणि पाणी होतें तें त्या ठाण्यांपाशींच. पहिल्या ठाण्याजवळ रात्रीं पाणी भरूं लागतांच एक बाण सणसणत आला व गुडघ्यास लागतां लागतां राहिला. ठाणेदार वांग-श्यांग याच्यापुढें त्यास उभें करण्यांत आलें. ओळख पटल्यावर ठाणेदार सौम्य झाला. पश्चिमेची वाट बिकट आहे, आपण पोंचणार नाहीं. माझें गांव तुन्ह्वांग, तेथें एक थोर आचार्य आहेत, ते आपणांस पाहून संतोष पावतील. तेथें आपणांस पोंचवितों, असें तो म्हणाला. सूचना मायेची होती आणि शहाणपणाचीही होती. फक्त तिचा अर्थ ‘परत फिरा’ असा होता. भिक्षूनें उत्तर दिलें कीं, शिक्षा करावयाची तर खुशाल करा, पण पूर्वेकडे मी एकही पाऊल टाकणार नाहीं. वांग-श्यांगचें मन द्रवलें. त्यानें त्यास रात्रीची विश्रांति दिली, सकाळीं पाणी व भाकऱ्या बांधून दिल्या, स्वतः कोस-दीड कोस पोंचवावयास गेला, आणि मधलीं ठाणीं टाळून थेट चौथ्या ठाण्यावर आपल्या आप्ताकडे जावें अशी युक्ति सांगितली. त्या आप्तानें, वांग-पोलुंगनें, पाण्याची मोठी पखाल व घोड्यास दाणा दिला. पांचव्या ठाण्यावरचा माणूस बरा नव्हे, तिकडे फिरकूं नका, असेंही बजाविलें.

पुढें ८०० ली, म्हणजे शंभराहून अधिक कोसांचें निर्जळ वाळवंट. भिक्षूची वाट चुकली, आणि पाणी पीत असतां जड पखाल हातांतून निसटून सगळें पाणी वाळूंत गेलें. तो माघारीं फिरला. कोस-दीड कोस मागें आल्यावर त्यास आपली प्रतिज्ञा आठवली, व त्यानें घोड्याचें तोंड पुन्हां पश्चिमेकडे केलें. चार रात्री व पांच दिवस थेंबभर पाणी मिळालें नाहीं. शेवटीं तो म्हातारा घोडा एकाएकीं आडवाटेला वळला व लगाम ओढला तरी ऐकेना. थोड्या अंतरावर हिरवें गवत होतें, आणि पलीकडे स्वच्छ पाणी. त्या अनामिक म्हाताऱ्यानें केलेली अदलाबदल अशी फळास आली. हामीच्या विहारांत पोंचतांच तेथील एक वृद्ध चिनी भिक्षु अनवाणी, अंगावरचें वस्त्रही न सांवरतां बाहेर धांवला, आणि त्यास मिठी मारून रडूं लागला. आपल्या देशाचा माणूस पुन्हां दृष्टीस पडेल ही आशा त्यानें सोडली होती.

येथवर संकट हुकमाचें आणि तहानेचें होतें; आतां आलें तें मायेचें. तुर्फान प्रांतांत त्या वेळीं कावछांग नांवाचें राज्य होतें. तेथील राजा छ्यू-वेन-थाय यानें भिक्षूची वार्ता ऐकून त्यास आणावयास माणसें व घोडे पाठविले. भिक्षु मध्यरात्रीं पोंचला, तरी राजा मशाली लावून सामोरा आला. दहा-बारा दिवसांनीं भिक्षु निघावयास लागला, तेव्हां राजानें आपलें मन उघड केलें. आपण येथेंच राहावें, मी व माझी सर्व प्रजा आपले शिष्य होऊं, असा त्याचा हट्ट. आर्जवें झालीं, मानपान झाला, शेवटीं तुम्हांस चीनला परत पाठवूं अशी धमकीही देऊन झाली. राजा रोज स्वतः ताट घेऊन वाढावयास येई. भिक्षूनें अन्नपाणी सोडलें. तीन दिवस त्यानें घोटभर पाणीही घेतलें नाहीं. चौथ्या दिवशीं त्याचा श्वास मंदावलेला पाहून राजा घाबरला, लज्जित झाला, आणि पायां पडून म्हणाला कीं आपण सुखेनैव जावें, पण आधीं अन्न घ्या.

या राजास दुष्ट म्हणणें अन्यायाचें होईल. त्याच्या मायेंत खोटें कांहीं नव्हतें. अशीच माया आपल्या घरोघरीं नांदते. आईच्या हातचें ताट जेव्हां मुलाचा पाय घराबाहेर पडूं नये म्हणून वाढलें जातें, तेव्हां तें त्या राजाच्या ताटाच्याच जातीचें असतें. मात्र त्या राजाची थोरवी अशी कीं चौथ्या दिवशीं तें त्यास उमगलें. तीन अटींवर त्यानें संमति दिली: राजमातेसमोर दोघांनीं एकमेकांचे बंधु व्हावें, परततांना तीन वर्षें येथें राहावें, आणि आतां महिनाभर प्रवचन करावें. प्रवचनासाठीं भिक्षु उच्चासनावर चढे तेव्हां राजा गुडघे टेकून स्वतःची पायरी करी.

मग त्यानें जी तयारी करून दिली ती मुद्दाम पाहण्यासारखी आहे. वीस वर्षें पुरेल अशा बेतानें १०० ल्यांग वजनाचें सोनें, ३०,००० चांदीचीं नाणीं व रेशमाचे ५०० तागे. ३० घोडे व २५ सेवक. वाटेवरल्या २४ राज्यांसाठीं २४ पत्रें. पश्चिम तुर्कांच्या खानास निराळा नजराणा, व हा भिक्षु माझा धाकटा भाऊ आहे असें पत्र. शिवाय ३० वस्त्रें, आणि थंडीसाठीं तोंडावर घ्यावयाचे बुरखे, हातमोजे व पादत्राणें. भिक्षूस ठेवून घेण्यासाठीं राजा जें देत होता त्यांत राजाच्या मनाचा विचार होता. निरोप देतांना दिलेल्या वस्तूंत वाटेवरच्या बर्फाचा, उपाशी घोड्यांचा, परक्या दरबारांचा विचार आहे. हातमोजा ही वस्तु क्षुल्लक. परंतु जो मनुष्य आपल्यापासून दूर जाणार त्याचीं बोटें कोठें गारठतील, हें डोळ्यांपुढें आणल्यावांचून ती सुचत नाहीं.

या औदार्याची एक दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पुढें तिएनशान पर्वत ओलांडतांना सात दिवस बर्फांतून वाट काढावी लागली. त्यांत भिक्षूबरोबरच्या माणसांपैकीं दर दहांतलीं तीन-चार थंडीनें व भुकेनें दगावलीं. जनावरें त्याहूनही अधिक मेलीं. दान राजाचें, पुण्य राजाचें. प्राण मात्र त्या सेवकांचे गेले, आणि त्यांचीं नांवें कोणी लिहून ठेवलीं नाहींत. यात्रेस जाणारा आपण किती जणांच्या खांद्यांवर बसून जातों, याचा हिशेब ठेवूं लागला तर त्यांत असे पुष्कळ बिननांवाचे धनको निघतील.

तुर्क खानानें चांगलें आतिथ्य केलें, आणि जातां जातां एक हितोपदेशही केला: भारतांत जाऊं नका, तेथें उष्मा भारी, तेथील लोक काळे, उघडेवाघडे व रीतभात नसलेले! उपदेश मानला जात नाहीं असें पाहून मात्र त्यानें चिनी जाणणारा एक तरुण दुभाष्या शोधून बरोबर दिला. मत न पटतांही मदत करणें, ही एक निराळीच पायरी आहे. आपल्यापैकीं बहुतेकांची मदत आपल्या मताच्या उंबरठ्यापर्यंतच जाते.

खानानें रीतभात नसलेले म्हटलेल्या या देशांत भिक्षूस काय अनुभव आला? पंजाबांत शाकल नगरापलीकडे पळसाच्या रानांत पन्नास दरोडेखोरांनीं त्याच्या मेळ्यास गांठलें, अंगावरचे कपडेसुद्धां काढून घेतले, व सर्वांस एका कोरड्या तळ्यांत हांकलून बांधण्यास आरंभ केला. भिक्षु व त्याचा एक सोबती पाण्याच्या मोरींतून निसटले, आणि थोडें अंतर धांवल्यावर त्यांस शेत नांगरीत असलेला एक ब्राह्मण भेटला. परधर्माचा, परभाषेचा, अर्धनग्न मनुष्य. पण ब्राह्मणानें हकीकत ऐकतांच बैल सोडले, गांवाच्या दिशेनें शंख फुंकला, नगारा वाजविला, व ऐंशीएक माणसें हत्यारें घेऊन गोळा केलीं. तें पाहून दरोडेखोर रानांत पळाले. बांधलेल्यांस सोडविलें, गांवकऱ्यांनीं आपलीं वस्त्रें वांटून दिलीं, व सर्वांस रात्रीच्या वस्तीस घरीं नेलें. दुसऱ्या दिवशीं पुढील नगरींत तीनशेंहून अधिक लोकांनीं एकेक ठाण कापड व अन्न आणून दिलें. त्या नांगरणाऱ्या ब्राह्मणाचेंही नांव कोठें नाहीं. शंख ही देवघरांत रोज वाजविण्याची वस्तु. त्या दिवशीं ती जशी वाजली तशी क्वचितच वाजत असेल.

पुढें नालंदा. तेथील आचार्य शीलभद्र याचें वय चरित्रांत १०६ दिलें आहे. त्यानें या परदेशी विद्यार्थ्यास योगाचारभूमिशास्त्र शिकविलें. चरित्रांत संस्कृत व्याकरणाचा सारांश आला असून ‘भू’ धातूचीं व ‘पुरुष’ शब्दाचीं रूपें चिनी अक्षरांत दिलेलीं आहेत; जन्मभर रूपावलि घोकवून घेतलेल्या आमच्यासारख्यास तें पाहून गहिंवर येतो. विहारांतून त्यास रोज १२० विड्याचीं पानें, २० सुपाऱ्या, कापूर आणि महाशालि नांवाचा सुवासिक तांदूळ मिळे. पांचसहा वर्षें याप्रमाणें पाहुणचार आणि अध्ययन झाल्यावर त्यानें परत जाण्याचा मनोदय सांगितला, तेव्हां नालंदेचे भिक्षु कळवळून गेले. ही बुद्धाची जन्मभूमि सोडून जातां कशाला, म्हणून सर्वांनीं त्यास गळ घातली. शेवटीं प्रश्न शीलभद्रापुढें गेला. त्या वृद्धानें शिष्यास विचारलें, तुझा विचार काय? शिष्यानें सांगितलें कीं येथें जें मिळालें तें स्वदेशीं जाऊन भाषांतररूपानें इतरांस द्यावें, हेंच गुरूंचें ऋण फेडणें होय. गुरु प्रसन्न झाला. माझीही हीच इच्छा होती, असें म्हणून त्यानें सामान बांधावयास अनुज्ञा दिली, व इतरांस सांगितलें कीं आतां याला राहण्याचा आग्रह करूं नका.

आम्हांस या सर्व चरित्रांत हा प्रसंग सर्वांत मोठा वाटतो. शंभरी ओलांडलेला गुरु. हा शिष्य पुन्हां भेटणार नाहीं हें त्यास कळत नव्हतें असें कोण म्हणेल? कावछांगच्या राजास जें तीन दिवसांच्या उपोषणानें शिकावें लागलें, तें या वृद्धास एका प्रश्नानें साधलें. त्यानें आज्ञा करण्यापूर्वीं विचारलें. घरांतील वडीलधाऱ्यांनीं एवढा एकच धडा उचलला तरी पुष्कळ झालें.

नालंदेच्या या वर्षांतच तो देश पाहावयास दक्षिणेकडे उतरला होता, व ६४१ सालच्या सुमारास महाराष्ट्रांत आला. तेव्हां येथें चालुक्य राजा पुलकेशी राज्य करीत होता. येथील लोक मानी आहेत, उपकार करणाऱ्यास विसरत नाहींत, अपमान करणाऱ्यास सोडीत नाहींत, असें त्यानें लिहिलें आहे, व तें आपण अभिमानानें सांगतों. परंतु त्याच ठिकाणीं त्यानें आणखी एक गोष्ट नोंदविली आहे ती कमी सांगितली जाते: संकटांत सांपडलेल्यानें हांक मारली तर हे लोक स्वतःचें भान विसरून त्याच्या मदतीस धांवतात. ज्यानें पळसाच्या रानांत तसली हांक स्वतः मारली होती, त्याच्या लेखणींतून हें वाक्य आलें आहे. तें प्रशस्तिपत्र म्हणून भिंतीवर टांगण्यापेक्षां चौदाशें वर्षांची थकबाकी म्हणून जवळ बाळगलेलें बरें.

परततांना हर्षवर्धनानें त्यास विचारलें कीं कोणत्या मार्गानें जाणार. समुद्रमार्गानें जाणार असाल तर माणसें देतों. भिक्षूनें सांगितलें कीं उत्तरेच्या वाटेवर कावछांगचा राजा आहे, त्यानें मला येतांना फार मदत केली, त्याला भेटल्यावांचून जातां येत नाहीं. दिलेल्या शब्दासाठीं त्यानें पुन्हां तींच हिमशिखरें पत्करलीं. कामरूपाच्या भास्करवर्म्यानें देऊं केलेल्या देणग्यांतून त्यानें पावसांत उपयोगी पडेल असें एक पांघरूण तेवढें घेतलें. हर्ष निरोप देऊन परतला, तो पुन्हां तीन दिवसांनीं घोडेस्वारांसह मागून दौडत आला, कांहीं वेळ बरोबर चालला, आणि मग वळला. सम्राट झाला तरी निरोप एकदां देऊन पुरा होत नाहीं.

पण कावछांगचा शब्द पाळण्याचा योग आला नाहीं. ६४० सालीं चीनच्या सैन्यानें तें राज्य घेतलें, आणि त्या धामधुमींतच छ्यू-वेन-थाय मरण पावला. तीन वर्षें ज्याच्याजवळ राहावयाचें तो राजाही उरला नव्हता व राज्यही. भिक्षु खोतानच्या दक्षिण वाटेनें चांगआनला गेला. बरोबर आणलेल्या ६५७ ग्रंथांपैकीं ७५ ग्रंथांचें भाषांतर त्यानें ६६४ सालीं देह ठेवीपर्यंत पुरें केलें. अनोळखी माणसाचें ऋण बहुधा असेंच असतें. देणाऱ्यास परत करावयास जावें तों तो जागेवर नसतो; मग तें ज्या कामासाठीं दिलें होतें त्या कामींच तें लावावें लागतें.

आणखी एक लहानशी गोष्ट सांगून पुरें करूं. ६५२ सालीं, म्हणजे तो परत गेल्याला सात वर्षें झाल्यावर, बोधगयेच्या महाबोधि विहारांतून एक भिक्षु पत्रें घेऊन चांगआनला पोंचला. पत्रें लिहिणारांत प्रज्ञादेव हा एक होता. हा हीनयान पंथाचा पंडित. कनोजच्या वादसभेच्या वेळीं ह्युएनत्संगाशीं त्याचे तीव्र खटके उडाले होते. त्यानें पत्रासोबत पांढऱ्या सुती कापडाचीं दोन ठाणें पाठविलीं होतीं. भेट लहान आहे, पण वाट लांब आहे, अशा अर्थाचा मजकूर त्यांत होता. उत्तरांत ह्युएनत्संगानें वादाच्या वेळच्या कठोर शब्दांबद्दल दिलगिरी दर्शविली, शीलभद्राच्या निधनाचा शोक केला, आणि सिंधु नदी ओलांडतांना वाहून गेलेल्या ग्रंथांची यादी जोडून ते पुन्हां मिळतील तर पाठवा, अशी विनंति केली.

आजच्या दिवसांत दारास दुहेरी कुलपें असतात, व अनोळखी माणसास वस्तीस ठेवा असें सांगण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. पण शीलभद्राचा प्रश्न विचारावयास कुलूप आड येत नाहीं. घरांतून दूरदेशीं शिकावयास निघालेली नात, गांव सोडून जाणारें गड्याचें हुशार पोर, संसार सोडून तीर्थाटनास जाऊं म्हणणारा म्हातारा भाऊ, यांस ठेवून घेण्याचीं कारणें आपल्याजवळ शेंकडों असतात, व तीं सारीं खरींही असतात. तीं बोलून दाखविण्यापूर्वीं, तुझा विचार काय, एवढें विचारावें. आणि उत्तर ऐकल्यावर वाटेवरची थंडी किती, याची चौकशी करावी. निघणाऱ्याच्या तळहातावर दहीं घालण्याची आपली जुनी रीत आहे. त्यानें ‘जातों’ म्हणूं नये, ‘येतों’ म्हणावें, असाही संकेत आहे. तो परत येईल न येईल, तें आपल्या हातीं नाहीं. दहीं घालणें मात्र आपल्या हातीं आहे, आणि तें घालतांना हात आंखडूं नये, इतकेंच आमचें सांगणें.